दाबा आणि लगेच सोडा

हजेरीपटावर त्याचं काहीतरी नाव होतं, पण ग्रंथालयात सगळे त्याला खटका म्हणत. समोर ‘मिस्त्री’ आणि पाठ फिरली की खटका. एक तर त्याचा धंदाच खटक्यांचा, म्हणजे दिव्यांच्या बटणांचा. आणि दुसरं असं की कुठलंही काम सांगितलं की तो मान तिरकी करून म्हणायचा, “करतो, पण मला एक खटका वाटतो.” हा खटका बहुतेक वेळा खरा निघायचा, म्हणून तर तो कुणाला आवडायचा नाही.

एकतीस वर्षांपूर्वी तो इथे एक पंखा दुरुस्त करायला आला होता. पंख्याला दोन दिवस लागले, तोवर आणखी तीन बंद पडले, आणि मग जायचं राहूनच गेलं. एवढ्या वर्षांत त्याने तिथलं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. पण कुठल्या कपाटावरची ट्यूब कधी बदलली, हे त्याला तोंडपाठ होतं. कायद्याच्या कपाटावरची ट्यूब सगळ्यांत जास्त टिकते, कारण तिथला दिवा कुणी लावतच नाही, असं त्याचं निरीक्षण होतं. वाचनाबद्दल त्याला एवढंच म्हणायचं असे.

ग्रंथालयाचा मोठा वाचनकक्ष इमारतीच्या अगदी पोटात होता. चारी बाजूंनी पुस्तकांची दालनं, खिडकी एकही नाही. भर दुपारीसुद्धा दिव्यांशिवाय तिथे हाताला हात दिसत नसे. दिवे एकशे ऐंशी. एवढ्या दिव्यांचा भार टेबलावरच्या इवल्याशा बटणाला झेपणार कसा? म्हणून भिंतीपलीकडच्या एका उभ्या कपाटात कॉन्टॅक्टर होता. बटण दाबलं की त्याच्या कॉइलमध्ये वीज जायची, कॉइल लोखंडाचा तुकडा खेचून धरायची, संपर्क जुळायचे आणि दिवे लागायचे. सकाळी उघडल्यापासून संध्याकाळी बंद होईपर्यंत ती कॉइल बिचारी तो तुकडा ओढून धरून उभी. आणि ओढून धरणारा कण्हतोच. हाही कण्हायचा. घूंऽऽ असा एक अखंड आवाज भिंतीतून वाचनकक्षात झिरपत राहायचा.

खटका दर दोन महिन्यांनी कॉन्टॅक्टर उघडून लोखंडाची तोंडं पुसायचा. आठवडाभर आवाज उतरायचा, मग धूळ बसली की पुन्हा चढायचा.

या आवाजाचा खरा शत्रू म्हणजे एक आजोबा. आयुष्यभर लोकांचे पियानो सुरात लावून निवृत्त झालेले. रोज सकाळी दहाला ते भिंतीलगतच्या खुर्चीत बसायचे आणि अकराला उठून तक्रारवहीकडे जायचे. ‘आजचा आवाज कालच्यापेक्षा किंचित उतरलेला आहे. गुणगुणायचंच असेल तर निदान सुरात गुणगुणावं.’ वहीचे सात खंड झाले होते, त्यातले पाच त्यांचे. खुर्ची बदला म्हटलं तर म्हणत, “मी का हलू? मी बेसूर नाहीये.”

अकरा वर्षांपूर्वी खटक्याने यावर एक टिपण लिहून दिलं होतं. दीड पानी. त्यात लिहिलं होतं की कॉन्टॅक्टर दोन तऱ्हेचे असतात. एक, आपल्याकडे आहे तो, वीज आहे तोवर ओढून धरणारा. दुसरा कडीवाला. त्यात कॉइल फक्त एक झटका देते, आत कडी बसते आणि मग कॉइलला काहीच काम उरत नाही. बंद करताना दुसरी कॉइल झटका देऊन कडी सोडवते. दिवसभर आवाज नाही, कॉइल तापणं नाही. जिन्याला आणि ओट्याला पहिला चालेल, वाचनकक्षाला दुसराच हवा. सध्याचा कॉन्टॅक्टर फार गुणगुण करतो, असं त्याला लिहायचं होतं, पण घाईत ‘ण’चा ‘ळ’ झाला आणि ‘सदर कॉन्टॅक्टर फार गुळगुळ करतो’ असं लिहिलं गेलं. हेडक्लार्कने टिपण वाचलं, हसला आणि फायलीत लावून टाकलं.

मग नव्या संचालक मॅडम आल्या. पहिल्याच दिवशी त्या वाचनकक्षात पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हा आवाज कसला?” एकतीस वर्षांत हा प्रश्न विचारणारं हे दुसरं माणूस. मॅडम उत्साही होत्या, त्यामुळे लगेच समिती नेमली गेली. समितीत मॅडम, हेडक्लार्क, मुख्य ग्रंथपाल आणि बाहेरून बोलावलेले एक तज्ज्ञ. खटक्याला दाराबाहेर थांबायला सांगितलं होतं, काही विचारावं लागलं तर.

विचारावं लागलं नाही. तज्ज्ञ दोनदा आले, एकदा कपाटाचा फोटो काढला, जुनी फाइल घरी नेली आणि महिन्याभराने चाळीस पानी अहवाल दिला. शिफारस कडीवाल्याची. सतराव्या पानावर लिहिलं होतं, ‘विद्यमान उपकरणात गुळगुळ मोठ्या प्रमाणावर आढळते.’

बैठकीचं दार उघडंच होतं, त्यामुळे बाहेर स्टुलावर बसलेल्या खटक्याला सगळं ऐकू येत होतं.

“गुळगुळ म्हणजे नेमकं काय?” ग्रंथपालांनी विचारलं.

“ही तांत्रिक संज्ञा आहे,” तज्ज्ञ म्हणाले. “विद्युतचुंबकीय आहे ती.”

“धोकादायक?”

“प्रमाणावर अवलंबून.”

हेडक्लार्कने वर पाहिलं. त्याला हा शब्द कुठेतरी वाचल्यासारखा वाटत होता, पण कुठे ते काही आठवेना. शेवटी ठराव झाला : नवं उपकरण पूर्णपणे गुळगुळविरहित असावं. बाहेर खटक्याला हसू आवरेना. त्याने पक्कड पायावर पाडली आणि कळ आल्याचं निमित्त करून तोंड दाबून घेतलं.

संध्याकाळी घरी त्याने बायकोला हे सांगितलं. ती पुढच्या खोलीत कपडे शिवायची. काज आणि बटणं यांत तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. अकरा वर्षं नवऱ्याच्या तोंडून ऐकून कॉन्टॅक्टरबद्दल समितीपेक्षा तिला जास्त कळत होतं. मशीन थांबवून ती म्हणाली, “ते सगळं ठीक. पण कडी लागल्यावर त्या कॉइलने काय करायचं?”

“काही नाही. झटका देऊन बाजूला व्हायचं.”

“आणि नाही झाली बाजूला तर?”

“जळते. ती क्षणभराच्या कामाची असते गं. कुणी बटण दाबून धरलं तर मिनिटा-दोन मिनिटांत धूर.”

“मग तिला बाजूला व्हायला सांगतं कोण?”

“एक छोटासा जोड येतो. कडी बसली की तोच कॉइलची वीज तोडतो. मग बटण दिवसभर धरून बसा ना.”

“तो घेतलाय ना त्यांनी?”

खटक्याने मान तिरकी केली.

दुसऱ्या दिवशी तो हेडक्लार्ककडे गेला. तो जोड यादीत होता, पण कंपनीच्या पत्रकात त्याच्यापुढे ‘ऐच्छिक’ असं छापलं होतं, आणि हेडक्लार्कच्या नोकरीचं एक तत्त्व होतं : ऐच्छिक म्हणजे नको. त्याने लाल शाईने तो खोडून टाकला होता.

“साहेब, मला एक खटका वाटतो,” खटका म्हणाला आणि त्याने सगळं समजावून सांगितलं.

“बटण कोण कशाला दाबून धरेल, मिस्त्री? लोक काय वेडे आहेत?”

“वेडे नाहीत. पण लोक आहेत.”

“बरं, तुमचं मत नोंदवतो,” हेडक्लार्क म्हणाला, आणि त्याने खरोखरच नोंदवलं. इतिवृत्तात वाक्य आलं : ‘वायरमन यांनी नव्या उपकरणाबाबत समाधान व्यक्त केले.’

नवा कॉन्टॅक्टर आला. खटक्याने सुट्टीच्या दिवशी तो बसवला, बटण दाबलं. एकच ‘टक’ झालं आणि पुढे काहीच नाही. एकशे ऐंशी दिवे लागलेले आणि भिंत गप्प. तो बराच वेळ त्या भिंतीला कान लावून उभा राहिला. मग त्याने एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘दाबा आणि लगेच सोडा’, आणि पुठ्ठा चालू आणि बंद या दोन्ही बटणांच्या वर चिकटवला. शुद्धलेखन बायकोकडून तपासून घेतलं होतं.

मॅडमनी ठरवलं की शांततेचं उद्घाटन करायचं. शांततेच्या उद्घाटनासाठी दोन ध्वनिक्षेपक आणि चार कर्णे भाड्याने आणले गेले. प्रमुख पाहुणे शहरातले एक मोठे गृहस्थ होते. पुस्तकांशी त्यांचा संबंध नव्हता, पण बटणांशी होता, कारण शहरातलं बहुतेक सगळं त्यांच्याच हस्ते सुरू झालेलं. समारंभाच्या अर्धा तास आधी मॅडमची नजर पुठ्ठ्यावर गेली.

“हे काय? पाहुण्यांना हुकूम सोडता होय, मिस्त्री? काढा ते.”

“मॅडम, मला एक—”

“समारंभानंतर सांगा.”

खटक्याने पुठ्ठा काढला आणि भिंतीपलीकडच्या कपाटात जाऊन उभा राहिला. कपाट एका माणसाला पुरेल एवढंच. उभं राहायचं, वळायचं नाही. आतून वाचनकक्ष दिसत नव्हता, पण कर्ण्यांच्या कृपेने शब्दन् शब्द ऐकू येत होता. बायको समोरच्या सभेत, शेवटून दुसऱ्या रांगेत बसली होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ती या इमारतीत आली होती.

“आता माननीय पाहुण्यांच्या हस्ते दिवे चालू होतील!” मॅडम म्हणाल्या.

टक. दिवे लागले. टाळ्या.

“साहेब, तसंच धरून ठेवा,” छायाचित्रकाराचा आवाज. “बोट बटणावरच राहू द्या. जरा हसा. मॅडम, तुम्ही थोड्या डावीकडे. नाही, माझ्या डावीकडे.”

खटका घड्याळ न पाहता मोजू लागला. वीस. चाळीस. हेडक्लार्कलाही फोटोत यायचं होतं, त्याची जागा ठरेना. सत्तर. ग्रंथपालांना चष्मा काढायला सांगितलं आणि मग पुन्हा घालायला. नव्वद झाले आणि कपाटात जळक्या वार्निशचा पहिला वास आला. खटक्याने हात घातला आणि बटणांना वीज देणारा फ्यूज खेचून काढला.

दिवे तसेच राहिले. कडी बसली होती ना! कॉइलची वीज गेली काय, राहिली काय, तिला सुतराम फरक नव्हता. जुना कॉन्टॅक्टर असता तर पाहुणे, मॅडम आणि हेडक्लार्क सगळे अंधारात हसत राहिले असते. कडीवाल्याची निवड किती योग्य होती याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणं शक्य नव्हतं, आणि तो पाहायला कपाटात एकटा खटका होता.

त्याने सुटकेचा निःश्वास टाकला तोच मॅडम म्हणाल्या, “आता साहेब आपल्याला दिवे बंदही करून दाखवतील!”

हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. खटक्याचा हात फ्यूजकडे गेला आणि थबकला. पाहुण्यांचं बोट अजून चालूच्या बटणावर असेल तर? फ्यूज लावला की अर्धी जळलेली कॉइल पूर्ण जळणार. जुना कॉन्टॅक्टर असता तर नुसत्या आवाजावरून त्याने ओळखलं असतं कुठे काय चाललंय ते. हा मुका. अकरा वर्षं मागितलेली शांतता त्याला मिळाली होती, आणि नेमकी आत्ता तिची अडचण होत होती.

कॉन्टॅक्टरच्या पुढच्या बाजूला हाताने कडी लावायची-सोडायची एक छोटी दांडी असते, दुरुस्तीच्या वेळी उपयोगी पडावी म्हणून. खटक्याने दांडी खाली ओढली. टक. बाहेर काळोख आणि टाळ्यांचा कडकडाट.

“पुन्हा चालू!” मॅडम खुशीत ओरडल्या. खटक्याने दांडी वर केली.

“बंद!” खाली.

“चालू!” वर.

तो पाऊण तास तसा उभा राहिला, एक हात दांडीवर, दोन्ही कान कर्ण्यांकडे. पाहुण्यांचं भाषण सुरू झालं तेव्हा त्याला घाम फुटलेला होता आणि अंगात एक प्रकारची लय भिनली होती. पाहुणे आवाज चढवून म्हणाले, “मित्रहो, ज्ञानाची ही दारं आपण कधीही बंद—”

टक.

वाचनकक्षात काळोख आणि शांतता. मग एकदम कुजबुज. खटक्याने जीभ चावली.

“अरे! चालू करा, चालू!” पाहुणे म्हणाले. टक. लख्ख उजेड.

आणि मग जी टाळी पडली तशी त्या इमारतीत आधी कधी पडली नव्हती. दिव्यांना माणसाची भाषा कळते! पाहुण्यांना खात्री पटेना, म्हणून त्यांनी आणखी दोनदा ‘बंद’ आणि ‘चालू’ म्हणून पाहिलं. आता माघार घेण्यात अर्थ नव्हता; खटक्याने दोन्ही वेळा साथ दिली. मॅडमना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण पाहुण्यांनी कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्या किंचित लाजून हसल्या. शेवटून दुसऱ्या रांगेत एक बाई पदर तोंडाशी धरून गदगदत होती. नवरा कुठे आहे आणि काय करतोय, हे तिला पहिल्या ‘बंद’लाच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा आला : ‘ग्रंथालयात आज्ञाधारक दिवे.’ तिसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली. पुस्तकाला हात न लावता सरळ वाचनकक्षाच्या मधोमध यायची, छताकडे पाहायची आणि म्हणायची, “बंद!” काही झालं नाही की जरा मोठ्याने, “बंद!” एकाने विनंतीच्या सुरात म्हणून पाहिलं, एक बाई दिव्यांवर चक्क खेकसली. एका शाळेची अख्खी सहल आली आणि साठ मुलांनी एका आवाजात चालू-बंद केलं. दिवे ढिम्म. पियानोवाल्या आजोबांनी तक्रारवहीत लिहिलं, ‘भिंत शांत आहे, आभारी आहे. आता माणसांचं काही करता येईल का?’

आठवड्याभराने खटक्याला पत्र मिळालं. ‘उद्घाटनाच्या दिवशी कार्यरत असलेली ध्वनी-आज्ञा प्रणाली त्यानंतर बंद पडल्याचे निदर्शनास आले आहे. आपल्या हलगर्जीबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.’ खाली हेडक्लार्कची सही.

घरी त्याने कागद पुढे घेतला आणि तासभर नुसता पेन चावला. निवृत्तीला सहा महिने राहिलेले. “लिहू का, की वायर उंदराने खाल्ली?” त्याने विचारलं.

“उंदीर कशाला मध्ये आणताय?” बायको बटण टाचत म्हणाली. “झालं ते लिहा. आणि ‘ण’ नीट काढा.”

त्याने तीन वाक्यं लिहिली. ‘सदर प्रणाली म्हणजे मी होतो. कॉइल जळू नये म्हणून फ्यूज काढावा लागला व त्यानंतर दिवे मी कपाटात उभा राहून हाताने चालू-बंद केले. कॉइलची वीज तोडणारा जोड मिळाल्यास पुन्हा कपाटात उभे राहण्याची गरज पडणार नाही.’

मॅडमनी त्याला बोलावलं तेव्हा खुलासा त्यांच्यासमोर उघडा होता आणि शेजारी ती जुनी फाइल, अकरा वर्षांपूर्वीच्या दीड पानावर उघडलेली. शेजारी तज्ज्ञांचा अहवाल, पान सतरा. मॅडम एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होत्या.

“हे अक्षर तुमचं?”

“हो.”

“गुळगुळ?”

“गुणगुण लिहायचं होतं, मॅडम. चुकलं.”

मॅडमनी डोळे मिटले. खटक्याला वाटलं, आता काही खरं नाही. पण त्यांचे खांदे हलू लागले, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि मग त्या टेबलावर हात आपटून हसायला लागल्या. हेडक्लार्क दारात येऊन पाहून गेला. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा पुसला.

“पाऊण तास उभे होतात तुम्ही तिथे? बसायला काही नव्हतं?”

“वळायलाच जागा नाही, मॅडम.”

“मला तेव्हाच सांगायला हवं होतंत.”

“सांगत होतो. तुम्ही समारंभानंतर सांगा म्हणालात.”

 त्यांनी खरेदीची यादी ओढली आणि खोडलेल्या ओळीशेजारी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘ऐच्छिक नाही. त्वरित मागवा.’ जराशा थांबून म्हणाल्या, “वर्तमानपत्राला काय कळवायचं?”

“कळवायचं कशाला? दोन-चार दिवसांत लोक थकतील,” खटका म्हणाला. मग मान तिरकी केली. “पण मला एक खटका वाटतो. पाहुण्यांनी त्यांच्या घरी असेच दिवे बसवून मागितले तर?”

मॅडमचा चेहरा पडला, कारण टेबलावरच्या पत्रांत तसं एक पत्र आलेलंच होतं. त्याला काय उत्तर गेलं ते खटक्याला कधी कळलं नाही. त्याने विचारलंही नाही.

जोड आला, कॉइल बदलली, आणि पुढे त्या कॉन्टॅक्टरने एक दिवसही त्रास दिला नाही. तज्ज्ञांना कुठल्याशा संस्थेने शांततेवर बोलायला बोलावलं. निरोपाच्या दिवशी खटक्याला शाल किंवा घड्याळ न देता मॅडमनी एक सभासदपत्र दिलं, आजीव. त्याने ते उलटसुलट पाहिलं, खिशात घातलं आणि घरी जाऊन बायकोच्या हातात दिलं.

हल्ली दुपारी शिवणाचं मशीन बंद असतं. ती वाचनकक्षात बसते, विनोदी पुस्तकांच्या कपाटाजवळ, आणि तिला वाचताना हसू आवरत नाही. पियानोवाल्या आजोबांनी तिच्याबद्दल दोनदा वहीत लिहिलं, पण दुसऱ्या नोंदीत ‘हसणं मात्र सुरात आहे’ असंही जोडलं. खटका बाहेरच्या पायऱ्यांवर तिची वाट पाहत बसतो. आत या म्हटलं तर येत नाही. आत नुसतं बसून करायचं काय, असं त्याचं म्हणणं आहे.